गोमांसासाठीचे पशुपालन आणि निर्यातदार देशांचे भवितव्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझील, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, अर्जेंटिना, उरुग्वे या देशांत मांसासाठी गुरे कशी पाळली जातात आणि पुढे त्या धंद्याचे काय होणार, याविषयी वरचेवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ब्राझीलवर मुद्दाम अधिक लिहिले आहे, कारण सगळा धंदा शेवटी ज्या प्रश्नापाशी येऊन अडतो, तो तिथे सर्वांत उघडा पडला आहे. तो प्रश्न असा: हे जनावर जन्मले कुठे, आणि ते कोणाला पुराव्यानिशी सांगता येईल?

गोमांसाची सर्वाधिक निर्यात कोणते देश करतात?

पहिला क्रमांक ब्राझीलचा आहे. २०२४ मध्ये त्या देशाने सुमारे २९ लाख टन गोमांस परदेशी पाठवले. तिथे २३ कोटींहून अधिक गुरे आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. ऑस्ट्रेलियात गुरे तीन कोटींच्या आसपास असली, तरी खाणारी तोंडे त्याहून कमी असल्याने तयार होणाऱ्या मांसापैकी दोन तृतीयांशांहून अधिक बाहेर जाते. २०२४ मध्ये ही निर्यात १३ लाख टनांच्या वर गेली. अमेरिका, अर्जेंटिना, न्यूझीलंड, उरुग्वे आणि पॅराग्वे हे इतर महत्त्वाचे देश आहेत. कळप मोठा म्हणजे निर्यात मोठी, असे मात्र नाही. चीनमध्ये गुरे कोट्यवधी आहेत, तरी तो जगातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे. उलट पस्तीस लाख लोकवस्तीच्या उरुग्वेत माणशी तीन-चार गुरे पडतात आणि म्हणूनच तो जगाला मांस पुरवतो.

या यादीत भारताचे नाव का दिसते?

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीत म्हशीचे मांसही ‘बीफ’ याच सदरात धरले जाते, आणि त्यामुळे भारत आघाडीच्या निर्यातदारांत दिसतो. प्रत्यक्षात भारतातून गाय, बैल किंवा वासरू यांच्या मांसाच्या निर्यातीला मनाई आहे. जाते ते म्हशी-रेड्यांचे, हाडे काढलेले आणि गोठवलेले मांस, आणि ते मुख्यतः व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराक या देशांना जाते. महाराष्ट्रातही २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हशी त्या बंदीच्या बाहेर आहेत. ‘भारत बीफ निर्यातीत आघाडीवर’ असा मथळा वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. पुढील सर्व उत्तरे गोवंशीय गुरांविषयी आणि इतर देशांविषयी आहेत.

ब्राझीलच्या कुरणांतली गुरे आपल्याला इतकी ओळखीची का वाटतात?

कारण ती मूळची आपल्याकडचीच आहेत. मातो ग्रोसो राज्यातल्या एखाद्या कुरणाचे छायाचित्र पाहिले, तर पांढरे शुभ्र अंग, उभे वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी आणि काळे नाकाड असलेल्या जनावरांचा कळप दिसतो, आणि हे चित्र आंध्रच्या किनारपट्टीवरचे असावे असे क्षणभर वाटते. ही नेलोर जात. आंध्रातील ओंगोल गुरांचे हे वंशज असून जुन्या नेल्लोर जिल्ह्याचे नाव त्यांना कायमचे चिकटले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६२ पर्यंत भारतातून ब्राझीलला गेलेली जनावरे फार तर सहा-साडेसहा हजार असतील. पण आज त्या देशातल्या मांसाच्या बहुतेक गुरांत त्यांचे रक्त आहे. गीर तिथे गीरच राहिली आणि कांक्रेज ‘गुझेरा’ झाली. पांढऱ्या केसांखालची काळी कातडी ऊन सोसते, गोचीड कमी लागते आणि निकस गवतावरही जनावर तगते, या तीन गुणांनी युरोपातून आणलेल्या जातींना मागे टाकले. आफ्रिकेतून आलेले ब्राकिएरिया गवत आणि भारतातून आलेली गुरे या जोडीवर ब्राझीलचा सगळा धंदा उभा आहे. २०२३ मध्ये व्हियाटिना-१९ नावाच्या नेलोर गाईची किंमत लिलावात सुमारे ४० लाख डॉलरहून अधिक ठरली आणि तिची नोंद जगातली सर्वांत महाग गाय म्हणून झाली.

मराठी वाचकांसाठी यात आणखी एक धागा आहे. कृष्णाकाठच्या काळ्या, चिकट जमिनीत राबण्यासाठी सांगली आणि आसपासच्या संस्थानिकांनी जी ‘कृष्णा व्हॅली’ जात तयार करवली, तिचे रक्त अमेरिकेतल्या ब्राह्मन जातीत मिसळले आहे. तीच ब्राह्मन जात १९३३ मध्ये क्वीन्सलँडला गेली आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण, गोचिडीने ग्रासलेल्या प्रदेशात तिने पशुपालन टिकवून धरले. तिकडे कोट्यवधी जनावरांत ही मिसळण झाली, आणि इकडे मूळ कृष्णा व्हॅली जनावर आता क्वचितच पाहायला मिळते. याची खंत वाटते, आणि वाटायलाही हवी.

एक जनावर जन्मापासून जहाजापर्यंत कसे पोहोचते?

ब्राझीलमध्ये या प्रवासाचे तीन टप्पे असतात आणि बहुतेक वेळा तीन वेगवेगळे मालक असतात. पहिला टप्पा पैदाशीचा. गाई बाळगायच्या, वासरे सात-आठ महिने आईमागे ठेवायची आणि मग विकायची, एवढेच काम हे पशुपालक करतात. यात भांडवल कमी आणि नफाही कमी असल्यामुळे हा धंदा सर्वांत स्वस्त, सर्वांत आडबाजूच्या जमिनीवर चालतो. दुसऱ्या टप्प्यात दुसरा मालक ती वासरे वर्ष-दीड वर्ष कुरणावर वाढवतो. तिसरा मालक त्यांना चांगल्या गवतावर, किंवा शेवटचे शंभरेक दिवस बंदिस्त आवारात मका, सोयाबीन आणि मुरघास घालून तयार करतो आणि कत्तलखान्याला देतो. अशा बंदिस्त आवाराला फीडलॉट म्हणतात. ब्राझीलमध्ये कत्तलीला जाणाऱ्या गुरांपैकी सुमारे पाचवा हिस्साच त्यातून जातो, तर अमेरिकेत कत्तलीसाठी वाढवलेली जवळजवळ सगळी तरुण जनावरे त्यातूनच जातात. ब्राझीलचा भाव आजही ‘अरोबा’ या जुन्या मापात, म्हणजे १५ किलो मांसामागे बोलला जातो.

तीन मालक, तीन शेते आणि मध्ये दलाल. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

अ‍ॅमेझॉनची जंगलतोड गुरांमुळे होते, हा आरोप कितपत खरा आहे?

बराचसा खरा आहे, पण तो ज्या घाईने केला जातो तेवढा सरळ नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये तोडलेल्या जमिनीचा बहुतांश भाग अखेर कुरण बनतो, याबद्दल उपग्रहांची चित्रे शंकेला जागा ठेवत नाहीत. मात्र तिथे गुरे केवळ मांसासाठी येत नाहीत. ती जमिनीवरचा ताबा दाखवण्यासाठीही येतात. सरकारी मालकीचे जंगल तोडून पेटवून द्यायचे, पावसाच्या तोंडावर गवताचे बी फेकायचे आणि त्यावर पन्नास-शंभर जनावरे सोडायची, की ती जमीन ‘वहिवाटीतली’ दिसू लागते. पुढे कधीतरी कागद होतील आणि जमिनीची किंमत कितीतरी पट वाढेल, हा त्यामागचा हिशेब असतो. गुरांचा नफा त्या मानाने चिल्लर असतो.

ब्राझीलचा वनविषयक कायदा कागदावर फार कडक आहे. अ‍ॅमेझॉनच्या जंगली पट्ट्यात खाजगी जमीनमालकालाही ८० टक्के क्षेत्र जंगलाखाली राखावे लागते. अंमलबजावणीचा फरक किती पडतो, हे आकडेच सांगतात. २००४ मध्ये एका वर्षात २७,७०० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल गेले. उपग्रहांची नजर, बँकांच्या कर्जावरची बंधने आणि कडक दंड यांमुळे २०१२ मध्ये हाच आकडा सुमारे ४,६०० वर आला. सरकारने हात आखडता घेतल्यावर २०२१ मध्ये तो पुन्हा १३,००० पर्यंत चढला आणि २०२४ मध्ये ६,३०० च्या खाली उतरला. या वीस वर्षांत गोमांसाची निर्यात मात्र एकंदरीत वाढली. म्हणजे जंगल राखूनही निर्यात वाढवता येते, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या वादातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

ते शक्य होते, कारण कुरणे भरपूर आहेत आणि त्यांचा वापर कमी होतो. ब्राझीलमध्ये सुमारे १६ कोटी हेक्टर कुरण आहे आणि त्यावर हेक्टरी सरासरी दीडच जनावर चरते. त्यातले बरेचसे कुरण खत न मिळाल्याने आणि अति चराईने खंगलेले आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सरकारने दहा वर्षांत ४ कोटी हेक्टर खंगलेली कुरणे सुधारण्याचा कार्यक्रम जाहीर केला. हे खरोखर घडले, तर नव्या जंगलाला हात लावण्याची गरजच राहत नाही.

मांस कंपन्या जंगल तोडणाऱ्यांकडून गुरे घेत नाहीत, असे सांगतात. ते खरे मानायचे का?

शेवटच्या मालकापुरते बऱ्याच अंशी खरे मानता येते. २००९ पासून अ‍ॅमेझॉनमधल्या पारा राज्यातील सरकारी वकिलांनी मांस कंपन्यांशी करार केले आणि थेट विकणाऱ्या शेतांची तपासणी सुरू झाली. पण वासरू ज्या शेतावर जन्मले, त्या शेताकडे कोणी पाहिले नाही. जंगल तोडलेल्या शेतावर वासरू जन्मते, वर्षभराने स्वच्छ कागदपत्रे असलेल्या शेतावर जाते आणि तिथून कत्तलखान्यात. कागदोपत्री सगळे ठीक असते. ब्राझीलमध्ये याला ‘गुरे धुणे’ असा शब्द आहे.

जनावर एका शेतावरून दुसऱ्या शेतावर नेताना वाहतुकीचा परवाना लागतो आणि तो असतोही. परंतु तो रोगनियंत्रणासाठी आहे, त्यावर कळपाची संख्या असते, एकेका जनावराची ओळख नसते. शंभर जनावरे आली आणि शंभर गेली, एवढेच त्यावरून कळते. तीच शंभर का, हे कळत नाही.

मग प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला मारणे इतके अवघड का आहे?

तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. महाराष्ट्रातही गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला मारला जातो. उरुग्वेने तर हे पूर्णपणे करून दाखवले आहे. २००१ मध्ये तिथे लाळ्या-खुरकूत रोगाची साथ आली आणि बाजारपेठा एका झटक्यात बंद झाल्या. त्या फटक्यानंतर कायदा झाला आणि २००६ पासून प्रत्येक वासराला बिल्ला सक्तीचा झाला. एका कानात वाचता येण्याजोगा क्रमांक आणि दुसऱ्या कानात गुंडीएवढी इलेक्ट्रॉनिक चकती, अशी ही जोडी सरकार पशुपालकाला फुकट देते. गुरे विकायला निघाली की ती अरुंद लाकडी गल्लीतून एकामागोमाग एक खोड्यात घेतात, हातातली कांडी कानाजवळ नेतात, कांडी वाजते आणि क्रमांक नोंदला जातो. मालक बदलला की नोंद बदलते. ऑस्ट्रेलियानेही २००० नंतरच्या दशकात हीच पद्धत देशभर लागू केली.

ब्राझीलने २०२४ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय योजना जाहीर केली असून २०३२ पर्यंत सर्व गुरांची स्वतंत्र नोंद करण्याचे उद्दिष्ट आहे. कळप उरुग्वेच्या जवळजवळ वीसपट आहे, हे विलंबाचे एक कारण आहेच. मात्र खरी अडचण बिल्ल्याच्या खर्चात नाही, असे माझे मत आहे. बिल्ला जनावराला जमिनीशी बांधतो, आणि जिथे जमिनीच्याच मालकीचा घोळ आहे तिथे ही गाठ पुष्कळांना नको असते. बिल्ला मारून घेतला की हे वासरू अमुक ठिकाणच्या जमिनीवर जन्मले, हे कबूल करावे लागते.

युरोपीय संघाचा जंगलतोडविरोधी नियम नेमका काय आहे?

३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवरील गुरे, सोयाबीन, कोको, कॉफी, पामतेल, रबर आणि लाकूड युरोपात विकता येणार नाही, असा हा नियम २०२३ मध्ये झाला. गुरांच्या बाबतीत जनावर जिथे जिथे राहिले त्या प्रत्येक शेताचे स्थान द्यावे लागेल, ही त्यातली कळीची अट आहे. अंमलबजावणी मात्र एकदा नव्हे तर दोनदा पुढे ढकलली गेली. ब्राझीलच्या मांसाचा फार थोडा वाटा युरोपात जातो, त्यामुळे केवळ या नियमाने अ‍ॅमेझॉन वाचेल, अशी आशा कोणी धरू नये. त्याचे महत्त्व वेगळे आहे: जन्मस्थानाचा पुरावा मागणारा हा पहिला मोठा गिऱ्हाईक आहे.

चीनचा या धंद्यावर एवढा प्रभाव कसा?

ब्राझीलच्या गोमांस निर्यातीपैकी जवळजवळ निम्मा माल एकटा चीन घेतो. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाची प्रत्येक अट कुरणापर्यंत पोहोचते. वेड्या गाईच्या रोगाच्या भीतीने चीनने ३० महिन्यांखालच्या जनावराचेच मांस घेण्याची अट घातली, आणि ब्राझीलमध्ये ‘चीनचा बैल’ या नावाची वेगळी प्रत आणि वेगळा, चढा भाव तयार झाला. आपल्याकडे बैलबाजारात तोंड उघडून आदत, दोनदाती, चारदाती की जुळलेला हे पाहतात, तीच परीक्षा तिथे कत्तलखान्यात होते: चार कायमच्या दातांहून अधिक दात दिसले, की ते जनावर चीनच्या मालातून बाद होते. पूर्वी नेलोर बैल चार-चार वर्षे कुरणावर राहत असे. या एका अटीने ते वय झपाट्याने खाली आणले. चांगले गवत, हिवाळ्यातला खुराक, शेवटी फीडलॉट, हे सारे बदल त्यातून आले. सरकारी उपदेशाने जे तीस वर्षांत झाले नाही, ते दातांच्या अटीने दहा वर्षांत केले.

याची दुसरी बाजूही आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वेड्या गाईच्या रोगाच्या दोन सुट्या, आपोआप उद्भवणाऱ्या प्रकारच्या केसेस सापडताच ठरलेल्या करारानुसार निर्यात थांबली आणि डिसेंबरपर्यंत थांबून राहिली. माल बंदरावर, तयार बैल शेतावर आणि खुराकाचा खर्च रोज चालूच. २०२३ मध्ये पुन्हा महिनाभर तेच झाले. त्यानंतर २०२५ च्या अखेरीस चीनने देशवार कोटा ठरवून त्यापलीकडच्या मालावर ५५ टक्के जादा शुल्क जाहीर केले. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेला कोणताही शेतकरी ही भीती ओळखतो.

अमेरिकेत गोमांसाचे भाव विक्रमी का झाले आहेत?

कारण गुरे कमी झाली आहेत. २०२५ च्या आरंभी तिथे ८.६७ कोटी गुरे होती. १९५१ नंतर इतकी कमी संख्या कधीच नव्हती. सलग दुष्काळात गवत संपले, पेंढा महागला आणि पशुपालकांनी पैदाशीच्या गाईसुद्धा विकून टाकल्या. आज एखाद्याने कालवड राखायची ठरवली, तरी तिच्या वासराचे मांस बाजारात यायला तीन-साडेतीन वर्षे लागतात, आणि आजच्या चढ्या भावात ती कालवड विकण्याचा मोह मोठा असतो. पशुपालकांचे वय वाढत चालले आहे, जमिनीचे भाव त्यांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत आणि फीडलॉटमधल्या जनावरांच्या खरेदीत चार मोठ्या कंपन्यांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. मेक्सिकोतून येणारी वासरेही, जिवंत जनावराचे मांस खाणाऱ्या अळीच्या माशीमुळे, २०२४ च्या अखेरपासून वारंवार अडवली गेली.

अमेरिका एकाच वेळी निर्यातदार आणि आयातदार आहे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटते. फीडलॉटमधल्या जनावरांचे मांस चरबीचे असते. हॅम्बर्गरसाठी त्यात बिनचरबीचे मांस मिसळावे लागते, ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमधून येते. चरबीदार भाग आणि जिभा जपान-कोरियाला जातात. २०२५ मध्ये ब्राझीलवर लादलेले जबर शुल्क काही महिन्यांतच गोमांसापुरते मागे घ्यावे लागले, त्याचे कारण हेच.

अर्जेंटिनाची पिछेहाट कशामुळे झाली?

महाराष्ट्रातल्या कांदा उत्पादकाला हे उत्तर समजावून सांगावे लागणार नाही. देशात मांस महाग झाले म्हणून २००६ च्या मार्चमध्ये सरकारने निर्यातीवर बंदी घातली आणि नंतर परवाने, कोटे, निर्यातशुल्क यांचा फास ठेवला. सुरुवातीला भाव उतरले. मग पशुपालकांनी गाई विकून तीच जमीन सोयाबीनखाली आणली. मध्येच मोठा दुष्काळ पडला. आणि २०११ पर्यंत देशातली सुमारे एक कोटी गुरे कमी झाली. मांस पूर्वीपेक्षाही महाग झाले. कांद्याचे पीक चार-पाच महिन्यांत पुन्हा घेता येते. विकलेल्या गाईची जागा भरायला वर्षे जातात. २०२१ मध्ये दुसऱ्या सरकारने पुन्हा तीच चूक थोड्या प्रमाणात केली. आज तिथला सामान्य माणूसही वर्षाला ५० किलोपेक्षा कमी गोमांस खातो, आणि त्या देशाच्या इतिहासात हा आकडा फार खालचा आहे.

गुरांमुळे हवामानावर किती परिणाम होतो, आणि तो कमी करता येईल का?

जगातल्या मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सर्व प्रकारच्या पशुपालनाचा वाटा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये १४.५ टक्के आणि २०२३ च्या अहवालात सुमारे १२ टक्के धरला. त्यात गुरांचा भाग अर्ध्याहून अधिक आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात गवत आंबताना मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. मिथेन हवेत बारा-एक वर्षेच टिकतो, पण तेवढ्या काळात उष्णता फार जबर धरून ठेवतो. म्हणजे तो आज कमी केला, तर परिणाम आपल्याच हयातीत दिसेल.

मिथेन घटवणारी द्रव्ये आणि समुद्री शेवाळ यांची बरीच चर्चा होते. ती खुराकात मिसळून रोज द्यावी लागतात, आणि हेक्टरी दीड या हिशेबाने मैलोन्‌मैल पांगलेल्या जनावरांना रोज काय आणि कसे चारणार, हा प्रश्न सुटलेला नाही. फीडलॉटमध्ये ते जमते. माझ्या मते निर्यातदार देशांत खरा फरक साध्या गोष्टींनी पडेल: गाईने दरवर्षी वासरू द्यावे, वासरे मरू नयेत आणि जनावर चार वर्षांऐवजी अडीच वर्षांत तयार व्हावे. दीड वर्ष कमी जगलेले जनावर दीड वर्षाचा मिथेन कमी सोडते. ऑस्ट्रेलियाच्या मांस उद्योगाने २०१७ मध्ये २०३० पर्यंत कार्बनचा ताळेबंद शून्यावर आणण्याची घोषणा केली होती. ती त्या मुदतीत पुरी होणार नाही, हे आता उद्योगही मानतो.

ऑस्ट्रेलियापुढची सर्वांत मोठी अडचण कोणती?

पाऊस. तिथली पशुक्षेत्रे आपल्या कल्पनेत मावत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियातले अ‍ॅना क्रीक हे एकच क्षेत्र आख्ख्या पुणे जिल्ह्याएवढे आहे आणि गुरे हाकायला हेलिकॉप्टर लागते. अशा मुलखात एक वाईट साल सारे काही बदलून टाकते. २०१९ च्या फेब्रुवारीत वायव्य क्वीन्सलँडमध्ये सात वर्षांच्या दुष्काळानंतर दहा दिवसांत प्रचंड पाऊस झाला. आधीच हडकलेली गुरे गारठ्यात आणि चिखलात उभ्या उभ्या मेली. मेलेल्या जनावरांचा आकडा लाखांत गेला. पाऊस पडावा म्हणून वर्षानुवर्षे आभाळाकडे डोळे लावलेल्या माणसांचे कळप त्या पावसानेच नेले.

जिवंत गुरे जहाजातून पाठवणे थांबेल का?

हळूहळू कमी होईल, आणि व्हायलाच हवे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पारा राज्यातल्या बंदरातच एक जहाज कलंडले आणि सुमारे पाच हजार गुरे आत अडकून बुडाली. २०२० मध्ये न्यूझीलंडहून चीनला निघालेले जहाज वादळात बुडाले. त्यात जवळजवळ सहा हजार गुरे आणि चाळीसहून अधिक खलाशी गेले. न्यूझीलंडने २०२३ मध्ये समुद्रमार्गे जिवंत जनावरे पाठवणे बंद केले. ऑस्ट्रेलियाची इंडोनेशियाला होणारी गुरांची निर्यात मात्र सुरू आहे. गोठवलेले मांस दीडशे वर्षांपासून समुद्र ओलांडते आहे. जनावराला त्या हालांतून नेण्याचे समर्थन आता कठीण आहे.

प्रयोगशाळेतले मांस या धंद्याला संपवेल का?

नजीकच्या काळात नाही. गाईच्या पेशींपासून वाढवलेले पहिले बर्गर लंडनमध्ये २०१३ साली शिजवले गेले. इस्रायलने २०२४ मध्ये अशा गोमांसाला परवानगी दिली. पण मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात ते अजून कोणाला करता आलेले नाही, आणि इटली व अमेरिकेतील काही राज्यांनी त्यावर बंदीही घातली आहे.

जंगलाकाठच्या लहान पशुपालकाचे पुढे काय होणार?

या विषयावर बोलताना सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून तो शेवटी मुद्दाम घेतला आहे. पारा, रोन्दोनिया या राज्यांत तीस-चाळीस गाई बाळगून वर्षाला वीस-पंचवीस वासरे विकणारी हजारो कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना १९७० च्या दशकात लष्करी सरकारनेच जमीन देऊ करून तिथे वसवले, आणि जंगल तोडणे हीच त्या काळी जमीन मिळण्याची अट होती. आज त्याच तोडीसाठी त्यांच्या वासरांवर शिक्का बसतो. मोठा मालक वकील ठेवतो, नकाशे करून घेतो, दंड भरून मोकळा होतो. लहान माणसाकडे यातले काही नाही. त्याचे वासरू नाकारले गेले, तर तो दलालाला पडत्या भावाने देतो आणि दलाल ते पुन्हा ‘धुऊन’ त्याच साखळीत घालतो. अशाने ना जंगल वाचते, ना पुरावा खरा होतो.

पारा राज्याने २०२३ मध्ये स्वतःचा नोंदणी कार्यक्रम जाहीर केला, त्यात लहान पशुपालकांना बिल्ले फुकट देण्याची तरतूद आहे. त्याबरोबर जमिनीचे कागद मिळण्याची वाट, तोडलेल्या भागात झाडे लावून पुन्हा बाजारात येण्याची सोय आणि कुरण सुधारायला स्वस्त कर्ज मिळाले, तर हा माणूस स्वतःहून खोड्यापाशी गाय आणेल. पैदास करणाऱ्याच्या दारात पहिला बिल्ला मारला गेला, तर पुढचे दोन मालक, कत्तलखाना, बंदर आणि शांघायमधला गिऱ्हाईक या सर्वांची नोंद आपोआप खरी ठरते. तिथे तो मारला गेला नाही, तर पुढे कितीही कांड्या वाजवल्या, तरी जनावराच्या पहिल्या आठ महिन्यांचे पान कोरेच राहते.